स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया : इतिहास आणि विवेक

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. जी गोष्ट आईजवळ किंवा बहिणीजवळसुद्धां हलक्या आवाजांत बोलावयाची, ती हिनें चारचौघांत कां बोलावी, असें कोणी म्हणेल. परंतु लाजेनें झांकून ठेवलेलें दुखणें लाजेनें बरें होत नाहीं. आणि ज्या शस्त्रक्रियेविषयीं मी बोलणार आहें तिच्या इतिहासांत या लाजेनें, व तिच्याहूनही अधिक लोकांच्या थट्टेनें, स्त्रियांचें पुष्कळ नुकसान केलेलें आहे.

मी शस्त्रवैद्य नव्हे. वैद्यकाच्या इतिहासाची मी एक साधी अभ्यासक आहें. कांहीं महिन्यांपूर्वीं माझ्या परिचयाच्या एक बाई मजकडे आल्या. वय चाळिशीच्या आसपास, दोन मुलांची आई, शाळेंत शिकविण्याचें काम. स्तनांच्या भारानें त्यांची मान व पाठ कित्येक वर्षें दुखत होती. खांद्यांवर चोळीचे पट्टे रुतून इतके खोल वळ पडले होते कीं त्यांत बोट बसावें. सासूबाई म्हणत, “अगं, देवानें दिलेलें शरीर, त्याला सुरी कशाला लावायची?” यजमान म्हणत, “डॉक्टर सांगतील तसें करूं.” आणि डॉक्टरांनीं एवढेंच सांगितलें होतें कीं ऑपरेशन करतां येईल. बाईंना मात्र होकार देण्यापूर्वीं काय विचारावें तेंच सुचेना. त्या मला म्हणाल्या, “तुम्ही जुनीं पुस्तकें वाचतां. हें काम लोकांनीं पूर्वीं केलें असेल, त्यांत चुकाही झाल्या असतील. त्या चुका मला सांगा, म्हणजे मी काय विचारायचें तें मला कळेल.” इतिहास कशासाठीं वाचावा याचें इतकें नेमकें उत्तर मला फारसें कोणीं दिलेलें नाहीं. त्यांना मीं जें सांगितलें तेंच आज आपणांस सांगतें.

प्रथम हें दुखणें म्हणजे काय तें पाहूं. स्तन हा दुग्धग्रंथि, मेद आणि त्यांना सांवरून धरणारे तंतू यांचा बनलेला असतो. या तंतूंचें वर्णन लंडनचे शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर यांनीं १८४० सालच्या आपल्या ग्रंथांत इतकें बारकाईनें केलें कीं, आजही ते कूपरचे तंतू म्हणूनच ओळखले जातात. स्तनाच्या आंत स्नायूंचा आधार नाहीं; आधार काय तो या तंतूंचा आणि वरील कातडीचा. त्यामुळें भार फार वाढला म्हणजे तो मान, खांदे आणि पाठ यांवर पडतो. खालच्या घडींत घाम सांचून कातडी सोलवटते. पळणें, पोहणें, व्यायाम करणें अवघड होतें. कोणाला ही वाढ वयांत येतांनाच होते, कोणाला बाळंतपणानंतर, कोणाला ऋतुनिवृत्तीच्या सुमारास. क्वचित् गरोदरपणांत थोडक्या आठवड्यांतच स्तन अतोनात वाढतात, तर क्वचित् एखाद्या औषधानेंही तसें घडतें. तेव्हां हा केवळ रूपाचा प्रश्न आहे असें म्हणणाऱ्यानें पांच-सहा शेरांचें ओझें गळ्यांत बांधून आठ दिवस घरकाम करून पाहावें.

आतां इतिहासाकडे वळूं. नवल असें कीं, स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचें जें जुनें वर्णन आपणांस मिळतें, तें स्त्रियांसाठीं नव्हेच; तें पुरुषांसाठीं आहे. इजायना बेटावरील पॉल या सातव्या शतकांतील ग्रीक वैद्यानें सात भागांचा एक वैद्यकग्रंथ लिहिला. त्याच्या सहाव्या भागांत, पुरुषाची छाती स्त्रीप्रमाणें वाढली असतां काय करावें, तें सांगितलें आहे. चंद्रकोरीच्या आकाराचा छेद घ्यावा, आंतील मेद काढावा व कातडी शिवून टाकावी. वाढ फारच मोठी असेल तर दोन कोरी एकमेकींस मिळवून मधली जादा कातडीही काढावी. पुरुषाला बायकीपणाचा दोष लागतो म्हणून ही शस्त्रक्रिया करणें योग्य, असें कारणही त्यानें दिलें आहे. पुढें कॉर्डोव्हा येथें दहाव्या शतकाच्या अखेरीस नांवारूपाला आलेल्या अल्-झहरावीनेंही हाच विषय आपल्या ग्रंथांत घेतला. म्हणजे पुरुषाच्या लाजेवर वैद्यकानें तेराशें वर्षांपूर्वीं उपाय शोधला. स्त्रीच्या पाठदुखीकडे पाहावयास त्याला आणखी बाराशें वर्षें लागलीं.

मधल्या काळांत स्त्रियांची स्थिति काय होती याची साक्ष इंग्लंडमधील एका पत्रांत सांपडते. प्लिमथ येथील विल्यम डर्स्टन या वैद्यानें १६६९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस एका तरुणीची हकीकत कळविली. तिचें वय तेवीस-चोवीस. एके रात्रीं ती निरोगी अशी निजली, आणि सकाळीं उठून पाहते तों स्तन एवढे सुजलेले कीं तिला अंथरुणांत कूस बदलवेना. पुढें ते वाढतच गेले, आणि कांहीं महिन्यांतच तिचा अंत झाला. मृत्यूनंतर डावा स्तन काढून तोलला, तो ६४ पौंड, म्हणजे सुमारें २९ किलो भरला. तिच्या हयातींत वैद्याला फारसें कांहीं करतां आलें नाहीं. विद्वानांच्या सभेनें ती हकीकत नवलाची गोष्ट म्हणून छापली. त्या मुलीनें ते महिने कसे काढले असतील, हें मात्र आपण आपल्या मनाशींच समजून घ्यावयाचें.

या वैद्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. १८४६ सालच्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें ईथरची भूल जाहीरपणें देण्यांत आली, त्यापूर्वीं प्रत्येक छेद रोग्याला जागेपणींच सोसावा लागे. आणि १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं जंतुनाशनाची पद्धति मांडीपर्यंत छेद सोसला तरी पुढें जखम पिकून रोगी दगावण्याचें भय राहीच. अशा काळांत प्राणांतिक रोगाशिवाय सुरी कोण उचलणार?

भूल आणि जंतुनाशन यांच्या आगेमागे या कामाला आरंभ झाला. बर्लिनचे डीफेनबाख हे प्लॅस्टिक सर्जरीच्या आद्य आचार्यांपैकीं एक. ते १८४७ सालीं वारले. त्यांच्या मागून १८४८ सालीं निघालेल्या ग्रंथखंडांत स्तनाखालच्या घडींतून छेद घेऊन तो लहान करण्याची युक्ति दिलेली आहे. व्रण घडींत लपावा हा हेतु. १८९७ सालीं फ्रान्समध्यें पूसाँ यांनीं स्तनाच्या वरच्या बाजूची कातडी व मेद चंद्रकोरीसारखा कापून काढला, आणि उरलेला भाग छातीच्या स्नायूवरील आवरणाला टांगला. भार हलका झाला, पण व्रण वरच, अगदीं दृष्टीसमोर राहिला. १९०७ च्या सुमारास पॅरिसचे मॉरेस्टॅं यांनीं उलट, खालून आंत शिरून तळाचा चकतीसारखा भाग काढण्याची रीत सांगितली. व्रण लपला, पण स्तन फार मोठा व ओघळलेला असेल तर या रीतीनें तो उंच उचलला जाईना.

येथें या शस्त्रक्रियेची खरी अडचण पुढें आली, आणि ती नीट समजल्यावांचून पुढील शंभर वर्षांची कथा समजणार नाहीं. जादा मेद काढणें हें कठीण काम नव्हे. मोठ्या स्तनांत स्तनाग्र पुष्कळ खालीं उतरलेलें असतें. त्याला त्याच्या योग्य जागीं वर न्यावयाचें, हें कठीण. स्तनाग्राला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आणि संवेदना देणाऱ्या नसा चोहोंबाजूंनीं येतात. त्यांपैकीं मुख्य नस चौथ्या व पांचव्या बरगडीमधून निघून बाजूनें येते. भोंवतालचें मांस काढतां काढतां या सर्व वाटा तुटल्या, तर स्तनाग्र काळें पडून मरतें. म्हणजे शस्त्रवैद्यानें किती काढलें यापेक्षां काय राखलें, यावर सर्व यश अवलंबून. झाडाचें फूल दुसऱ्या फांदीवर न्यावयाचें, पण त्याचा देठ तुटूं द्यावयाचा नाहीं, असें हें काम आहे.

हा देठाचा मंत्र कोठला म्हणाल, तर त्याचें एक मूळ आपल्या पुण्याजवळ सांपडतें. कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईंत इंग्रजी सैन्याबरोबर असतां टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील दोघां इंग्रज डॉक्टरांनीं तें काम डोळ्यांनीं पाहिलें, आणि १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें त्याची हकीकत सचित्र छापून आली. कारागिरानें मेणाचें नाक करून, तें कपाळावर पसरून, त्याची आकृति आंखून घेतली. तेवढी कातडी उचलून खालीं वळविली. पण दोन डोळ्यांच्या मध्यें कातडीचा एक अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवला. या पट्ट्यांतून रक्त वाहत राहिलें, म्हणून नवें नाक जगलें. सुमारें २५ दिवसांनीं, नाक नव्या जागीं रुजल्यावर, तो पट्टा कापण्यांत आला. नाक करण्याची विद्या सुश्रुतसंहितेंतही आहे. परंतु युरोपच्या शस्त्रवैद्यांचे डोळे उघडले ते या हकीकतीनें. लंडनच्या कार्प्यू यांनीं १८१४ सालीं याच रीतीनें नाक केलें आणि १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. छापलेल्या हकीकतींत कावसजीचें नांव आहे; त्या कारागिराचें नाहीं. पण देठ राखला तर कातडी जगते, ही त्याची विद्या पुढें प्लॅस्टिक सर्जरीचा पाया झाली.

इतकें माहीत असूनही स्तनाच्या बाबतींत हा मंत्र लागू करावयास वेळ लागला. पहिल्या महायुद्धानंतर हें काम युरोप-अमेरिकेंत झपाट्यानें वाढलें. शिकागोचे मॅक्स थोरेक यांनीं १९२२ सालीं एक धीट उपाय सांगितला : देठाची भानगडच नको. स्तनाग्र कातडीसकट साफ कापून बाजूला ठेवावें, खालचा भाग काढून टाकावा, आणि मग तें स्तनाग्र रोपाप्रमाणें नव्या जागीं लावावें. रोप बहुधा जगे. परंतु दुधाच्या नलिका व नसा तुटलेल्या, त्यामुळें दूध गेलें आणि स्पर्शाची जाणीवही बहुतांशीं गेली. ही पद्धति आजही टाकलेली नाहीं. स्तन अतिशय मोठे असतील, किंवा रोग्याच्या प्रकृतीमुळें रक्तपुरवठा भरंवशाचा नसेल, तेव्हां तिचाच आश्रय करावा लागतो.

व्हिएन्नाचे बीझेनबर्गर यांनीं १९२८ सालीं दुसरी रीत मांडली. वरची कातडी ग्रंथीपासून सर्वत्र सोडवून घ्यावयाची, ग्रंथीचा बाजूचा भाग काढावयाचा, उरलेला भाग फिरवून त्याला आकार द्यावयाचा, आणि त्यावर कातडी पुनः पांघरावयाची. आकार सुरेख येई. म्हणून ही रीत पुढें जवळजवळ तीस वर्षें पुष्कळ ठिकाणीं चालली. परंतु कातडी ग्रंथीपासून इतकी सुटी केल्यामुळें दोहोंचाही रक्तपुरवठा क्षीण होई, आणि कित्येक स्त्रियांच्या वांट्याला काळवंडलेली कातडी व मेलेलें स्तनाग्र आलें. बर्लिनचे जॅक जोसेफ यांनीं याच भयास्तव हें काम दोन खेपांत करावें असें सुचविलें होतें. अखेर १९३० सालीं श्वार्झमान यांनीं एक साधीच गोष्ट दाखविली. स्तनाग्राभोंवतालच्या कातडीचा अगदीं वरचा पातळ पापुद्राच तेवढा खरवडून काढावा. त्याखालच्या थरांत रक्तवाहिन्यांचें बारीक जाळें असतें, तें राखावें. पुण्याच्या कारागिरानें नाकासाठीं राखलेला पट्टा तो हाच, फक्त येथें तो कातडीखालीं दडलेला. पुढील बहुतेक सर्व पद्धति या एका निरीक्षणावर उभ्या आहेत.

याच काळांत पॅरिसमध्यें सुझान नोएल या बाई शस्त्रवैद्य म्हणून नांवाजल्या. १९२६ सालीं त्यांनीं सौंदर्य-शस्त्रक्रियेचें सामाजिक कार्य या विषयावर ग्रंथ लिहिला. पोट भरण्यासाठीं नोकरी करणाऱ्या स्त्रीला शरीराचें रूप हा केवळ हौसेचा प्रश्न नसतो, हें त्यांनीं आपल्याकडे येणाऱ्या स्त्रियांकडून ऐकून ओळखलें होतें.

दुसऱ्या महायुद्धानंतरची कथा मी थोडक्यांत सांगतें. १९५६ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट वाइज यांनीं कातडी कापण्याचा नमुना ठरवून दिला. तो त्यांनीं कोठून घ्यावा? चोळीच्या कपड्यावरून. तयार ब्रेसियर उसवून त्याचे तुकडे सपाट कसे दिसतात तें त्यांनीं पाहिलें, आणि त्यावरून कातडीचा बेत आंखला. शिंप्याची विद्या शस्त्रवैद्याच्या कामीं आली. या नमुन्यानें व्रण मात्र नांगराच्या आकाराचा राहतो : स्तनाग्राभोंवतीं एक वर्तुळ, तेथून सरळ खालीं एक रेघ, आणि खालच्या घडींत एक आडवी रेघ. यानंतर वाद उरला तो देठ कोणत्या बाजूचा राखावा हा. स्वीडनचे स्ट्रॉम्बेक यांनीं १९६० सालीं तो आडवा, दोन्ही बाजूंनीं राखला. अमेरिकेंतील मॅकिसॉक यांनीं १९७२ सालीं उभा, वर व खालीं राखला. १९७५ ते १९७७ या काळांत ब्राझील, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील शस्त्रवैद्यांनीं केवळ खालचा देठ राखण्याची रीत मांडली, आणि ती फारच रूढ झाली.

व्रण कमी करण्याची खटपटही चालू होतीच. फ्रान्सचे क्लोद लासूस यांनीं १९७० च्या सुमारास आडवी रेघ गाळून केवळ उभी रेघ ठेवण्याचा मार्ग दाखविला. त्याला पुढें लोकप्रिय केलें तें ब्रसेल्सच्या मादलेन लझूर आणि कॅनडांतील एलिझाबेथ हॉल-फिंडले या दोन स्त्री-शस्त्रवैद्यांनीं. पहिलीनें १९९० नंतरच्या दशकांत, दुसरीनें १९९९ सालीं. त्याच सुमारास, १९९८ सालीं, व्हिएन्नाच्या एलिझाबेथ वुरिंगर यांनीं स्तनाच्या आंत एक आडवा तंतुमय पडदा असतो, आणि त्यांतूनच रक्तवाहिन्या व नसा स्तनाग्राकडे जातात, हें दाखवून दिलें. ज्या नगरींत सत्तर वर्षांपूर्वीं कातडी व ग्रंथि यांची बेधडक फारकत करण्यांत आली, त्याच नगरींत देठाच्या आंतला मार्ग एका स्त्रीनें उलगडून दाखविला.

श्रोतेहो, ही झाली तंत्राची कथा. तिच्या जोडीनें दुसरी एक कथा चालू होती, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. हें दुखणें खरें कीं नखरा, हें ठरवावयाचें कोणी? अमेरिकेंत विमा-कंपन्यांनीं हा प्रश्न वजनकांट्यावर सोडविण्याचा यत्न केला. १९९१ सालीं पॉल श्नुर या शस्त्रवैद्यानें अनेक शस्त्रवैद्यांकडून माहिती मागवून एक कोष्टक केलें. रोगिणीच्या शरीराचा आकार आणि काढलेल्या मांसाचें वजन यांची तुलना करून, सर्वांत कमी वजन निघालेल्या शेंकडा पांच स्त्रिया रूपासाठीं आल्या असाव्यात, आणि शेंकडा बावीसच्या वरील स्त्रिया दुखण्यासाठीं, असा त्यांनीं अंदाज बांधला. कंपन्यांनीं त्या अंदाजाचा कायदा केला : इतके ग्रॅम मांस निघणार असेल तर दुखणें खरें, नाहीं तर खोटें. स्वतः श्नुर यांनीं पुढें १९९९ सालीं या वापराविषयीं नापसंती दर्शविली. पण कोष्टक चालूच राहिलें. मग २००२ सालीं अनेक रुग्णालयांच्या सहकार्यानें केलेलें एक मोठें संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसलें कीं, खास चोळ्या, व्यायामोपचार, वजन उतरविणें यांनीं या स्त्रियांना कायमचा आराम पडला नव्हता. शस्त्रक्रियेनें मात्र वेदना पुष्कळ कमी झाल्या. आणि हा आराम किती ग्रॅम मांस निघालें किंवा रोगिणीचें वजन किती होतें, यावर अवलंबून नव्हता. म्हणजे कांट्यापेक्षां बाईचें स्वतःचें सांगणेंच अधिक खरें ठरलें. हें कळावयास विसावें शतक संपावें लागलें.

आतां या इतिहासावरून, शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्या स्त्रीनें होकारापूर्वीं काय समजून घ्यावें, तें सांगतें. त्या बाईंना मीं सहा गोष्टी कागदावर लिहून दिल्या.

पहिली : ‘माझा देठ कोणत्या बाजूचा राखणार?’ असें डॉक्टरांना सरळ विचारावें. कोणती एकच रीत सर्वांना उत्तम असें नाहीं; स्तनाचा आकार, स्तनाग्र किती खालीं आहे, शस्त्रवैद्याचा हात कोणत्या रीतीवर बसला आहे, यांवर तें ठरतें. पण जो शस्त्रवैद्य कारणासह उत्तर देईल, त्याच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं. स्तनाग्र रोपासारखें लावावें लागण्याचा संभव आहे काय, हेंही आधींच विचारावें; भुलेंतून जागें झाल्यावर तें कळूं नये.

दुसरी : व्रण राहणारच. तो वर्तुळ व उभ्या रेघेचा कीं नांगराच्या आकाराचा, हें कागदावर काढून घ्यावें. व्रण आधीं लाल व जाड असतो आणि निवावयास वर्ष-दीड वर्ष लागतें. आपल्याकडील सांवळ्या कातडींत व्रण फुगून वर येण्याची प्रवृत्ति अधिक, विशेषतः छातीवर. कान टोंचल्यावर किंवा टांके पडल्यावर ज्यांना गांठ आली असेल, त्यांनीं तें अवश्य सांगावें.

तिसरी : स्पर्श आणि दूध. स्तनाग्राची जाणीव कांहीं काळ किंवा कायमची कमी होऊं शकते. देठ राखला असेल तर पुष्कळ स्त्रियांना पुढें मुलाला पाजतां येतें. कांहींना पुरेसें दूध येत नाहीं, कांहींना मुळींच येत नाहीं. याची हमी कोणीही देऊं नये. मूल व्हावयाचें आहे अशा स्त्रीनें हा विचार आधीं करावा. शिवाय गरोदरपणांत व वजन वाढल्यास स्तन पुनः वाढूं शकतात. अगदीं तरुण मुलीच्या बाबतींत वाढ थांबेपर्यंत थांबणें बहुधा शहाणपणाचें.

चौथी : आपलें शरीर. तंबाखू व विडी-सिगारेट यांनीं बारीक रक्तवाहिन्या आंखडतात, आणि आपण आतां पाहिलेंच कीं या शस्त्रक्रियेचा सर्व जीव त्या वाहिन्यांत आहे. म्हणून निदान चार आठवडे आधीं व चार आठवडे नंतर तंबाखू वर्ज्य. मशेरीसुद्धां त्यांतच आली. मधुमेह ताब्यांत हवा, वजन स्थिर हवें. रक्त पातळ करणारीं औषधें, ॲस्पिरिन, आणि वैद्याकडून आणलेले काढे, हीं सर्व डॉक्टरांना सांगावींत. स्वतःच्या मनानें बंद मात्र करूं नयेत.

पांचवी : तपासणी. वयाप्रमाणें स्तनांचा क्ष-किरण-फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, शस्त्रक्रियेपूर्वीं करून घ्यावी. घराण्यांत कोणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तें सांगावें. काढलेलें मांस प्रयोगशाळेंत तपासावयास पाठवितात ना, याची खात्री करून घ्यावी; क्वचित् त्यांतच लपलेला रोग सांपडतो. शस्त्रक्रियेमुळें पुढील फोटोंत आंतले व्रण दिसतात. तपासणाऱ्यास ती हकीकत आधीं सांगावी.

सहावी : घर. ही गोष्ट शस्त्रवैद्य क्वचित् विचारतात. रक्त सांकळणें, जखम पिकणें, व्रणाच्या उभ्या-आडव्या रेघा मिळतात तेथें टांका उशिरां भरणें, दोन बाजूंत थोडा फरक राहणें, हे संभव प्रत्येकीनें गृहीत धरावेत. सर्व सुरळीत झालें तरी हलकें काम करावयास दोन आठवडे, आणि जड उचलावयास सुमारें सहा आठवडे जातात. तेवढ्या काळांत पाण्याची बादली कोण उचलणार, वरच्या फळीवरचा डबा कोण काढणार, लहान मुलाला कडेवर कोण घेणार, हें शस्त्रक्रियेचा दिवस ठरविण्यापूर्वीं ठरवावें. माझ्या अनुभवांत बायका वेदनेनें जितक्या खचत नाहींत, तितक्या टांके ओले असतांना स्वयंपाकाला उभें राहण्यानें खचतात.

आणखी एक सांगावयाचें. ही शस्त्रक्रिया कोणा स्त्रीनें केलीच पाहिजे असें मुळींच नाहीं. पुष्कळजणींना योग्य मापाची चोळी व पाठीचे व्यायाम यांनीं पुरेसा आराम पडतो, आणि त्यांना आपल्या शरीराविषयीं कांहीं तक्रारही नसते. त्यांच्यावर कोणी रूपाच्या कल्पना लादूं नयेत. पण जिला खरोखरच त्रास आहे, तिनें तो देवानें दिला म्हणून सोसलाच पाहिजे, असेंही नाहीं. मोतीबिंदूही देवच देतो. तो आपण काढवितों, आणि त्यांत कोणाला पाप वाटत नाहीं.

त्या बाईंनीं काय केलें, असें आपण विचाराल. त्यांनीं कागद डॉक्टरांपुढें ठेवला. डॉक्टर रागावले नाहींत; उलट त्यांनीं दोन प्रश्नांचीं उत्तरें चित्र काढून दिलीं, आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘याची हमी मी देऊं शकत नाहीं’ असें स्वच्छ सांगितलें. बाई मला म्हणाल्या, “त्या एका नाहींमुळेंच माझा विश्वास बसला.” शस्त्रक्रिया मात्र त्यांनीं उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत पुढें ढकलली आहे, कारण तेव्हां त्यांची बहीण महिनाभर राहावयास येणार आहे. सासूबाईंना त्यांनीं काय सांगितलें, तें मीं विचारलें नाहीं. परंतु परवां त्यांच्या घरीं गेलें असतां, पाण्याची कळशी सासूबाईच उचलून आंत नेत होत्या, आणि सुनेला म्हणत होत्या, “राहूं दे ग, तुझी मान दुखते.”